दोन वजा करा

पक्कडकाकांच्या निरोपाच्या दिवशी धाकटीने केकचा एक घास खाल्ला आणि दुसरा काही तिच्या घशाखाली उतरला नाही. पहिल्या आणि दुसऱ्या घासाच्या मध्ये काका सहज एक गंमत सांगून गेले होते. बाकीचे सगळे पोट धरून हसले.

पक्कडकाका म्हणजे विद्यापीठातल्या त्या प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ. एकतीस वर्षं वरच्या खिशात पक्कड खोचून फिरले, म्हणून हे नाव. पंप बसला, फ्रीज गुरगुरायला लागला, की पोरं प्राध्यापकांना नाही, काकांना हाक मारायची. अशा माणसाचा निरोप म्हटल्यावर सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत विभागप्रमुख, त्यांच्या शेजारी मॅडम, म्हणजे धाकटीच्या मार्गदर्शक, आणि मागे भिंतीला टेकून धाकटी.

धाकटी ही घरातली हाक. प्रयोगशाळेत तिला सगळे काटेकोर म्हणायचे, आणि उगीच नाही म्हणायचे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही बया दूध न पिताच ताक फुंकणारी. बाटलीवर नाव, तारीख, वेळ लिहिल्याशिवाय ती बाटली हातातून खाली ठेवायची नाही. पीएचडीचं सहावं आणि शेवटचं वर्ष होतं तिचं. प्रबंध लिहून झाला होता, छापून झाला होता, सोमवारी द्यायचा होता. आज शुक्रवार. आई तर आठवडाभर फोनवर ‘डॉक्टरीणबाई मोकळ्या आहेत का?’ असं विचारूनच बोलायला सुरुवात करत होती.

तिचं काम कळायला सोपं आहे. लस थंड ठेवावी लागते. आठ अंशांच्या वर गेली की तिचा भरवसा उरत नाही. पण बाटलीकडे नुसतं बघून ती मधेच तापली होती का, ते कसं कळणार? म्हणून धाकटीने मेणात रंग कोंडून एक ठिपका बनवला होता. शर्टाच्या गुंडीएवढा, पांढरा. तो लसीच्या डब्यावर चिकटवायचा. डबा आठाच्या वर गेला की मेण मऊ पडतं, रंग सुटतो, ठिपका निळा होतो, आणि मग काही केलं तरी पुन्हा पांढरा होत नाही. निळा दिसला की लस वापरायची नाही. बस्स, एवढंच. एवढ्याचसाठी सहा वर्षं गेली होती. आणि महिन्याभरापासून चाचणी म्हणून हे ठिपके एका दवाखान्यातल्या डब्यांवर लागलेही होते. दवाखाना तोच, जिथे तिची ताई नर्स होती.

तर काका माईक धरून उभे. भाषणाची सवय नाही, कपाळावर घाम.

“जाता जाता एक गुपित सांगतो,” काका म्हणाले. “तो तुमचा कोपऱ्यातला वॉटर बाथ आहे ना, म्हातारा? दहा वर्षं दोन अंश जास्त सांगायचा, खोटारडा. नवा सेन्सर मागून मागून माझी जीभ झिजली. शेवटी गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात तुम्ही सगळे परिषदेला गेलात, तेव्हा भंगारातल्या एका यंत्राचा चांगला सेन्सर काढला आणि त्याला बसवून टाकला. तेव्हापासून लेकाचा अगदी खरं बोलतो. एवढे मोठे शास्त्रज्ञ तुम्ही, एकाला तरी पत्ता लागला का?”

हशा, टाळ्या. विभागप्रमुखांनी तर बाकावर थाप मारली. मॅडमही हसल्या.

आधी धाकटीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, काका थट्टा करताहेत. मग तिला त्या वॉटर बाथच्या कपाळावरची चिकटपट्टी डोळ्यासमोर दिसली, तिच्यावरची काळी अक्षरं दिसली, आणि हातातली बशी तिने कुणाच्या हातात दिली की जमिनीवर ठेवली, हे तिला आजही सांगता येत नाही. ती निघाली, ती थेट दोन जिने चढून प्रयोगशाळेत.

वॉटर बाथ म्हणजे काय तर पाण्याची एक पत्र्याची टाकी. हवं तितकं गार किंवा गरम पाणी राखते, आणि किती अंश आहे ते लाल आकड्यांत दाखवते. त्या आकड्यांच्या वर पांढरी चिकटपट्टी होती. ‘दोन वजा करा.’ टाकी दहा म्हणाली की वहीत आठ लिहायचं. प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं जायचं, आणि दुसरी एक गोष्ट: दुसऱ्याची पट्टी काढायची नाही. तो मॅडमचा नियम. फार पूर्वी एका शहाण्याने टेबल स्वच्छ करायच्या नादात दुसऱ्याच्या बाटल्यांवरच्या पट्ट्या सोलून काढल्या होत्या आणि कुणाचं तरी वर्षभराचं काम मोरीत ओतावं लागलं होतं. तेव्हापासून पट्टी ज्याची, त्यानेच काढायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

धाकटीने बर्फाचं यंत्र उघडलं. बर्फ आणि पाणी एकत्र ठेवलं की ते शून्य अंशांवरच राहतं, तिथे कुणाची शिफारस चालत नाही. तिने भांडं भरलं, टाकीतला सेन्सर काढून त्यात बुडवला, काचेच्या कांडीने ढवळत राहिली. आकडे उतरायला लागले. सात. चार. तीन. टाकी अजून खोटं बोलत असेल तर आकडा दोनवर थांबायला हवा होता. ती मनात म्हणत होती, दोनवर थांब. बाई गं, दोनवर थांब.

आकडा शून्यावर जाऊन थांबला.

तिने पुन्हा बर्फ भरला. पुन्हा शून्य. तिसऱ्यांदा भरताना निम्मा बर्फ जमिनीवर गेला. तरी शून्य.

म्हणजे जवळजवळ दोन वर्षं टाकी खरं सांगत होती, आणि धाकटी त्या खऱ्यातून रोज दोन वजा करत होती. ठिपका आठाला निळा होतो, असं जे तिने प्रबंधाच्या पहिल्या पानावर ठणकावून लिहिलं होतं, ते साफ खोटं होतं. तो दहाला निळा होत होता.

ती स्टुलावर बसली. आणि मग तिला दुसरी गोष्ट आठवली, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

त्या परिषदेच्या आधी तिचं मेण बरोबर होतं! पहिल्या वहीतली कृती, दोन वर्षं घासून बसवलेली, ठिपका आठाला निळा. परिषदेहून परत आली, तोच ठिपका तपासला, तर तो सहालाच निळा. त्या वेळी तिची झोप उडाली होती. मेण तेच, रंग तोच, हात तोच, मग फरक कशाने? चार महिने तिने मेणाचा पिच्छा पुरवला. शेवटी तिने आणि मॅडमनी मिळून शोध लावला: मेण ठेवून ठेवून म्हातारं होतं, त्याच्या आतली घडी बदलते, म्हणून ते लवकर मऊ पडतं. केवढी सुंदर कल्पना! त्यावर लेख छापून आला, दूरदूरच्या लोकांनी अभिनंदनाची पत्रं लिहिली, प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यावरच उभं होतं. मग तिने मेणात दुसरा पदार्थ घालून ठिपका पुन्हा ‘आठावर’ आणला, आणि घरी फुशारकीने सगळ्यांना सांगितलं.

मेणाला काहीही झालं नव्हतं. बरोबर असलेली वस्तू चार महिने खपून तिने स्वतःच्या हातांनी बिघडवली होती, वर ती का बिघडली होती त्याचं शास्त्रही लिहिलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही घाम गाळून आणि आलेख काढून.

तिला संताप आला. कुणावर तरी यायलाच हवा होता.

“ही पट्टी लावणाऱ्याच्या बैलाला...” ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की दारात कुणीतरी खोकललं.

दारात पक्कडकाका उभे होते. निरोपाची शाल एका खांद्यावर, हातात तिची केकची बशी. “न सांगता पळालीस,” ते म्हणाले. “म्हटलं, पोरीला भोवळबिवळ आली की काय. काय झालं? अशी पांढरीफटक का पडलीस?”

“काका, सेन्सर बदललात तर ही पट्टी का नाही काढलीत? मोठ्या भाऊसाहेबाने लावलेली ही पट्टी. तो शिकून गेला त्याला सात वर्षं झाली. नियम नियम म्हणून माझं वाटोळं झालं!”

मोठा भाऊसाहेब म्हणजे तिच्या आधीच्या पिढीतला एक विद्यार्थी, सगळ्यांना हुकूम सोडायचा म्हणून हे नाव. काकांनी बशी टेबलावर ठेवली, चष्मा लावला.

“भाऊसाहेबाची पट्टी मी काढली होती की,” ते म्हणाले. “त्याला फोन करून विचारलं, तो म्हणाला खुशाल काढा, तेव्हाच काढली. सेन्सर बदलल्याची नोंदही माझ्या वहीत केली. बाहेर टेबलावर पडलेली असते ती वही. कुणी उघडत नाही, ते सोड.”

“मग ही?”

“ही नंतरची. तुम्ही परत आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी बघितली मी. खाली नाव बघ की.”

प्रयोगशाळेत पट्टीच्या कोपऱ्यात लावणाऱ्याची आद्याक्षरं आणि तारीख लिहितात. अक्षरं इतकी बारीक होती की धाकटीला वाकावं लागलं. वाकली, आणि तशीच वाकून राहिली.

अक्षर तिचं होतं. आद्याक्षरं तिची. तारीख परिषदेहून परत आल्याची.

आता तिला सगळं आठवलं. खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती. टाकीवरची पट्टी गायब दिसली. तिला वाटलं, ओलाव्याने सुटून पडली असणार. लगेच नवी कापली, छान वळणदार अक्षरात लिहिली, चिकटवली, आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकवलं होतं, “लक्ष ठेवत जा जरा. अशानेच चुका होतात.” सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. इतकं किरकोळ की ते तिच्या वहीतसुद्धा नव्हतं.

“काका, तुम्ही मला विचारलं का नाही?”

“तुला?” काकांना खरंच कळेना. “अगं, दुसऱ्या कुणाची असती तर विचारलंही असतं. मला वाटलं, काटेकोरनं लावलीय म्हणजे तपासून लावली असणार. तुझ्या मेणाचं काही वेगळं गणित असेल. तू काय न तपासता लावणार आहेस का काही?”

धाकटीने पट्टीवरच्या तारखेवर बोट ठेवलं. काकांच्याही मग हळूहळू लक्षात आलं, आणि ते शाल सावरत दुसऱ्या स्टुलावर बसले. एकतीस वर्षांच्या नोकरीचा शेवटचा दिवस, आणि तो असा. “मी आपला कौतुकानं सांगायला गेलो गं,” एवढंच ते दोनदा म्हणाले.

तेवढ्यात धाकटी ताडकन उठली. ठिपके! ठिपके दवाखान्यात होते.

ताईने तिसऱ्या घंटेला फोन उचलला. मागे कुठलंतरी बाळ भोकाड पसरत होतं.

“काय गं छोटे? सोमवारची तयारी झाली का?”

“ताई, डब्यांवरचे ठिपके कसे आहेत?”

“पांढरेशुभ्र! एकही निळा नाही. तुला सांगायचंच राहिलं, मंगळवारी मोठी मजा झाली. फ्रीजचं दार नीट लागलं नव्हतं, सकाळी येऊन बघते तर आतला थर्मामीटर साडेनऊ. माझं धाबंच दणाणलं. म्हटलं, गेल्या सगळ्या लसी. पण तुझा ठिपका बघितला, पांढरा! मग जिवात जीव आला.”

“मग काय केलंस?”

“काय करणार? दार लावलं, वापरल्या लसी.”

“ताई, चाचणीच्या कागदावर लिहिलंय ना, नुसत्या ठिपक्यावर जायचं नाही म्हणून? थर्मामीटरचंच धरायचं म्हणून?”

“लिहिलंय गं. पण तो थर्मामीटर म्हणजे कुठून आलेला, कुणी बनवलेला, देव जाणे. आणि ठिपका तुझा.” ताई हसली. “थर्मामीटर खोटा असेल, तू कशी खोटी असशील?”

लहानपणी ताई धाकटीची पाटी तपासायची. एकाही बेरजेला हात न लावता खाली सही करायची आणि म्हणायची, छोटीचं आहे म्हणजे बरोबरच असणार. धाकटीने डोळे मिटून घेतले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. ठिपका आठाचा नाही, दहाचा आहे. मंगळवारपासूनच्या त्या लसींचा भरवसा नाही. आणि चूक माझी आहे.

पलीकडे ते बाळ रडायचं थांबलं होतं.

“ताई, किती जणांना दिल्यास?”

“सात,” ताई म्हणाली. आवाज ओळखू येत नव्हता. “सात बाळं, छोटे. एकाचा तर मी पापा घेऊन... अगं, हे काय केलंस तू? हे काय केलं मी?”

आणि फोन बंद झाला.

मॅडमना बोलवायला काकाच गेले. मॅडम आल्या त्या हसतच, हातात कुणीतरी दिलेला फुलांचा गुच्छ घेऊन. दोन वाक्यांत हसू मावळलं. त्यांनी गुच्छ बेसिनमध्ये ठेवला, स्वतः बर्फ भरला, स्वतः सेन्सर बुडवला. शून्य. सेन्सर पुसला, पुन्हा बुडवला. शून्य.

“हे आणखी कुणाला ठाऊक आहे?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न कशासाठी असतो, ते धाकटीला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर क्षणभर तिलाही वाटलं होतं: सोमवारी प्रबंध देऊन टाकावा, ठिपके गुपचूप परत मागवावेत, कोण बघतंय? टाकीवरची पट्टी काढली की पुरावा संपला. सहा वर्षं वाचतील. मॅडमही त्या लाल आकड्याकडे बघत फार वेळ उभ्या होत्या. त्याही काही आभाळातून पडल्या नव्हत्या. चौथ्या प्रकरणाचा तो लेख त्यांच्याही नावावर होता, आणि दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी त्यावर भर सभेत तासभर भाषण ठोकलं होतं.

“काकांना, मला आणि ताईला,” धाकटी म्हणाली. “मी ताईला सांगून टाकलंय, मॅडम. तुम्हाला न विचारता.”

मॅडमनी मान वर केली. “बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “मला विचारलं असतंस तर मी निदान पाच मिनिटं तरी घेतली असती.” मग खुर्ची ओढून बसल्या आणि एकदम हसायलाच लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “मेण म्हातारं होतं म्हणे! अगं, आलेख काढले आपण. लोकांनी पत्रं लिहिली. आणि एकालाही वाटलं नाही की टाकीत बर्फ टाकून बघावा. मला वाटलं नाही! अठ्ठावीस वर्षं हेच शिकवते मी.”

“प्रबंध?” धाकटीने विचारलं.

“सोमवारी नाही द्यायचा.” मॅडमनी डोळे पुसले. “लेख मागे घ्यायचा. विद्यापीठाकडे मुदतवाढ मागायची. सहा वर्षं संपताहेत. देतील की नाही, मी शब्द देऊ शकत नाही. नाही दिली तर...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. “पण आधी दवाखान्याला पत्र. आत्ता. तू लिही, सही दोघींची.”

पत्र अकरा ओळींचं झालं. धाकटीने आयुष्यात लिहिलेला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात अवघड शास्त्रीय मजकूर. ‘आमची चूक’ की ‘यंत्रातील बदल’, यावर पेन अडखळलं. काका शेजारी उभे होते. तिने ‘माझी चूक’ लिहिलं, मॅडमनी ‘माझी’ खोडून ‘आमची’ केलं, आणि पत्र गेलं.

काका निघाले तेव्हा खिडकीतून ऊन उतरलं होतं. त्यांनी खिशातली पक्कड काढली, तिच्या टेबलावर ठेवली, आणि टाकीकडे हनुवटीने खूण केली. “ती पट्टी मी काढणार नाही हं,” ते म्हणाले. “तुझी आहे.”

तिने नखाने कोपरा उचलला. पट्टी सहज निघेना. दोन वर्षांत चांगली मुरली होती. तुकड्या तुकड्यांनी सोलून काढावी लागली.

संध्याकाळी ताईचा फोन आला. धाकटीने तो पहिल्याच घंटेला उचलला.

“सगळ्यांना घरी जाऊन सांगून आले,” ताई म्हणाली. घसा बसला होता. “डॉक्टर म्हणाले, बाळांना धोका काही नाही, पण लस लागू पडली असेलच असं नाही. सातही जणांना पुन्हा टोचायचं. माझ्याकडून लेखी मागितलंय. पुढचं पुढे.” मग ती म्हणाली, “एका बाळाच्या आईनं विचारलं, चूक कुणाची.”

“मग? माझं नाव सांगितलंस ना?”

“सांगितलं, माझ्या बहिणीनं ठिपका बनवला आणि मी तो डोळे मिटून खरा मानला. दोघी बहिणींची चूक. खूप बोलली ती मला. ऐकून घेतलं.”

धाकटीला आता कुठे रडू फुटलं. तोवर नुसती थिजली होती. ताईने तिला रडू दिलं, आपले नाक ओढल्याचे आवाज लपवत.

“पहिल्या वहीतली कृती बरोबर होती, ताई,” ती शेवटी म्हणाली. “तिच्यावरून पुन्हा करणार आहे. पदवी मिळो न मिळो. आठाचा ठिपका आठाचाच करून देईन तुला.”

“दे. लावीन मी.”

“पण थर्मामीटर बघितल्याशिवाय ठिपक्यावर विश्वास ठेवायचा नाही.”

“आणि तुझ्यावर?”

“माझ्यावर तर मुळीच नाही,” धाकटी म्हणाली.

“जेवलीस का काही?” ताईने विचारलं. तेव्हा धाकटीचं लक्ष टेबलाकडे गेलं. केकची बशी तशीच होती, एक घास कमी असलेली, आणि तिच्या शेजारी पक्कड.